गृध्रकूटाचे पक्षी : जीवसंख्येच्या वाढ-घटीचा एक पाठ

बिहारमधील राजगीर म्हणजे प्राचीन मगधाची राजधानी राजगृह. या नगरीभोवतीच्या टेकड्यांपैकी एकीचे नाव गृध्रकूट, पालीत गिज्झकूट. या नावाची दोन कारणे अट्ठकथेत सांगितली आहेत. तिच्या शिखरावर गिधाडांची वस्ती असे, हे एक. आणि माथ्यावरील खडकाचा आकार गिधाडासारखा दिसे, हे दुसरे. तथागतांचा या टेकडीवर अनेकदा मुक्काम असे आणि त्यांचे कितीतरी उपदेश येथेच झाले.

महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभही याच टेकडीवर होतो. मगधराज अजातशत्रू वज्जींच्या गणराज्यावर चाल करून जाण्याच्या विचारात होता. त्याने आपला महामात्य वस्सकार याला भगवंतांकडे पाठवले. वज्जींचा पाडाव होईल काय, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. भगवंतांनी वज्जींच्या सैन्याचा किंवा तटबंदीचा विषयच काढला नाही. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय, एकमताने कार्य करतात काय, वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय, स्त्रियांवर जबरदस्ती करण्यापासून दूर राहतात काय, असे सात प्रश्न त्यांनी आनंदाला विचारले. या सात गोष्टी जोवर टिकून आहेत तोवर वज्जींची वृद्धीच होईल, त्यांची हानी होणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. बौद्ध वाङ्मयात या गोष्टींना ‘अपरिहानीय धम्म’ म्हणतात. कोणताही समूह टिकतो तो काही अटी पाळल्या जातात म्हणून, आणि क्षीण होतो तो त्या अटी मोडल्या म्हणून, हा या प्रसंगाचा बोध आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ज्या पक्ष्यांच्या नावाने ही टेकडी ओळखली जाते, त्या गिधाडांविषयी आज हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. तुमच्या आजी-आजोबांनी गावाबाहेरच्या माळावर गिधाडांचे थवे पाहिले असतील. तुमच्यापैकी बहुतेकांनी मात्र हा पक्षी केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिला आहे. दोन पिढ्यांच्या मधल्या काळात असे काय घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जीवसंख्या कशी जगते, कशी बदलते आणि परिसंस्थेशी तिचे नाते काय, हा जीवशास्त्रातील महत्त्वाचा विषय आपल्याला एका खऱ्या उदाहरणातून समजून घेता येईल.

समष्टी आणि तिचा जमाखर्च

एका विशिष्ट प्रदेशात, एका विशिष्ट काळात राहणाऱ्या एकाच जातीच्या जीवांच्या समूहाला ‘समष्टी’ म्हणतात. तलावातील सर्व रोहू माशांची एक समष्टी, तलावाकाठच्या सर्व बगळ्यांची दुसरी. एका ठिकाणच्या अनेक समष्टी मिळून जीवसमुदाय होतो. आणि हा समुदाय व त्याभोवतीचे पाणी, माती, हवा, प्रकाश यांच्या परस्परव्यवहारातून परिसंस्था उभी राहते.

समष्टीतील जीवांची संख्या चार गोष्टींनी बदलते. जन्माने आणि बाहेरून आलेल्या जीवांनी ती वाढते. मृत्यूने आणि बाहेर गेलेल्या जीवांनी ती घटते. घरच्या जमाखर्चाच्या वहीसारखाच हा हिशेब आहे. जमा आणि खर्च सारखे असतील तर संख्या स्थिर दिसते. पण अशी स्थिर समष्टी निश्चल नसते. एकाच आकाराची दिसणारी दिव्याची ज्योत प्रत्येक क्षणी नवे तेल जाळीत असते, तसे स्थिर दिसणाऱ्या समष्टीतही जीव सतत येत-जात असतात.

अन्न, पाणी, निवारा भरपूर असेल तर कोणतीही समष्टी झपाट्याने वाढू लागते. परंतु ही वाढ अमर्याद होत नाही. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे अन्न कमी होते, जागेसाठी भांडणे होतात, रोग लवकर पसरतात. मृत्यूचे प्रमाण वाढते, जन्माचे घटते आणि एका पातळीच्या आसपास संख्या स्थिरावते. एखादा प्रदेश एखाद्या जातीचे जितके जीव दीर्घकाळ पोसू शकतो, त्या मर्यादेला ‘धारणक्षमता’ म्हणतात. ही मर्यादा एकदाच ठरून राहत नाही. पाऊस, अन्न आणि सोबतच्या इतर जाती बदलल्या की तीही बदलते. पुढे कुत्र्यांच्या उदाहरणात आपल्याला याचा प्रत्यय येईल.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. काही जीव भराभर वाढतात : पिल्ले अनेक, आयुष्य तुलनेने अल्प. काही जीव सावकाश वाढतात : पिल्ले मोजकी, आयुष्य दीर्घ. गिधाड या दुसऱ्या गटातले आहे. मादी वर्षातून एकच अंडे घालते. नर आणि मादी आळीपाळीने सात-आठ आठवडे ते उबवतात आणि पुढे काही महिने पिल्लाला भरवतात. ते पिल्लू स्वतः प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. एवढ्या संथ वाढीवर ही जात हजारो वर्षे टिकली, कारण मोठ्या गिधाडाला निसर्गात शत्रू फार थोडे होते. तिच्या जमेची बाजू लहान होती, पण खर्चाची बाजूही तितकीच लहान होती. अशा जातीच्या बाबतीत प्रौढांचा मृत्युदर थोडा जरी वाढला तरी सगळा हिशेब कोलमडतो. हे सूत्र मनात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

गिधाडाचे परिसंस्थेतील कार्य

भारतात आढळणाऱ्या गिधाडांपैकी पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे या तीन जातींची कथा येथे सांगावयाची आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. लांब चोचीची गिधाडे प्रामुख्याने कड्यांच्या कपारींत राहतात. सह्याद्रीचे कडे हे त्यांचे जुने घर. बारीक चोचीची जात हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश आणि ईशान्य भारत या भागांतली आहे.

गिधाड सहसा शिकार करीत नाही. ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहावर पंख पसरून ते तासन्‌तास तरंगते आणि मृत जनावर शोधते. एकाने झेप घेतली की दूरवरची इतर गिधाडे ते पाहून तिकडे वळतात. थोड्याच वेळात मोठा थवा जमतो आणि मेलेल्या गाईचा हाडांचा सापळा तेवढा उरतो. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असल्याने कुजक्या मांसातील अनेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. ज्या मांसामुळे इतर प्राणी आजारी पडतील, ते गिधाड पचवते. त्याची बोडकी मानही याच कामाला सोयीची आहे.

कोट्यवधी गुरे असलेल्या आणि त्यातील मोठ्या भागाचे मांस माणूस खात नसलेल्या आपल्या देशात गिधाडांना अन्नाची ददात नव्हती. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा बहुधा जगातील सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी-वर्गीय पक्षी असावा, असे पक्षिशास्त्रज्ञ मानीत. भारतातील गिधाडांची संख्या त्या काळी कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. जे इतके विपुल असते, त्याची मोजदाद करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पुढील अनर्थ लक्षात येण्यास विलंब झाला, त्याचे हे एक कारण होते.

ओसरती संख्या

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश गिधाडांचा अभ्यास करीत होते. १९८७-८८च्या हंगामात त्यांना तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करताना आढळल्या. १९९६-९७मध्ये ही संख्या १५० पर्यंत खाली आली होती. झाडांवर माना खाली टाकून बसलेली मलूल गिधाडे दिसत आणि काही दिवसांनी ती मरून पडत. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत ती वसाहत रिकामी झाली.

मग देशभरातील महामार्गांवरून प्रवास करून गिधाडांची पद्धतशीर मोजणी करण्यात आली. ठरावीक मार्ग, ठरावीक पद्धत आणि काही वर्षांच्या अंतराने तीच पाहणी पुन्हा, असे या मोजणीचे स्वरूप होते. तिचे निष्कर्ष धक्कादायक होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हजार होती तेथे एक उरले होते. उरलेल्या दोन जाती मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या होत्या. २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या घटीचा वेग दरवर्षी सुमारे ४४ टक्के होता.

हा वेग किती भयंकर आहे, हे स्वतः हिशेब करून पाहावे. १००० गिधाडे घ्या आणि दरवर्षी ४४ टक्के वजा करीत चला. पहिल्या वर्षाअखेर ५६० उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर ३१४, तिसऱ्या वर्षाअखेर १७६, चौथ्या वर्षाअखेर ९८ आणि पाचव्या वर्षाअखेर केवळ ५५. इयत्ता सहावीतील विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होईपर्यंत एक विपुल जात दुर्मीळ झालेली असते.

कारणाचा शोध

भगवान बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त तुम्ही आपल्या विद्यालयात शिकता. प्रत्येक घटना कारणांवर अवलंबून उद्भवते आणि कारणे दूर झाली म्हणजे तीही थांबते, हे त्याचे सार. दैव, कोप किंवा शाप यांना या विचारात स्थान नाही. विज्ञानाची रीतही हीच आहे. तेथे मात्र प्रत्येक संभाव्य कारण पुराव्यावर घासून पाहावे लागते.

गिधाडे का मरतात, याविषयी प्रथम अनेक तर्क झाले. अन्न कमी पडले असावे, हा एक तर्क होता. पण मेलेली गुरे तर माळावर न खाल्लेली पडून होती. घरट्यांची झाडे तुटली असावीत, हा दुसरा. पण संरक्षित उद्यानांतही पक्षी मरत होते, आणि कड्यांवर राहणारी गिधाडेही वाचली नव्हती. विषाणूमुळे साथ पसरली असावी, असा संशय काही काळ बळावला; तथापि तसा विषाणू हाती लागला नाही.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानात. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मृत गिधाडांची शवचिकित्सा केली. बहुसंख्य पक्ष्यांच्या आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचला होता. तो यूरिक आम्लाचा होता. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील हे आम्ल बाहेर न पडता अवयवांवर साचते. मूत्रपिंडे कशाने निकामी झाली, हे शोधताना गुरांच्या औषधांकडे लक्ष गेले. असा थर आढळलेल्या, तपासलेल्या सर्व २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले; इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक हे वेदना व सूज कमी करणारे, माणसांनाही दिले जाणारे औषध आहे. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, ताप आलेल्या, कास सुजलेल्या गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. शेतकऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मुक्या जनावराचे दुखणे कमी व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. पण औषध दिल्यानंतर काही दिवसांतच जे जनावर दगावे, त्याच्या मांसात ते औषध शिल्लक राही आणि ते मांस खाणारे गिधाड मरे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. मेलेल्या सगळ्याच जनावरांना हे औषध थोडेच दिलेले असते? बहुतेक मांस तर निर्दोष असणार. मग जवळजवळ सगळीच गिधाडे कशी मेली? संशोधकांनी गणिताने दाखवून दिले की, शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले तरी एवढा संहार होऊ शकतो. उदाहरणादाखल आपण सोपे आकडे घेऊ. समजा, एक गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवते; म्हणजे वर्षात सुमारे १२० वेळा. समजा, २०० जनावरांपैकी एकच विषारी आहे. एका जेवणातून वाचण्याची शक्यता २०० पैकी १९९, म्हणजे ०.९९५. वर्षभर वाचावयाचे तर या संख्येला तिनेच १२० वेळा गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ०.५५. म्हणजे वर्षाअखेर शंभरातील ५५ पक्षी उरतील आणि ४५ मरतील. देशभरच्या मोजणीतील ४४ टक्क्यांशी हे उत्तर किती जवळचे आहे, ते पाहा. शिवाय गिधाडे थव्याने जेवतात. एकच विषारी शव अनेकांचा घास घेते. वर्षाला एक अंडे घालणारी जात हा खर्च कसा भरून काढणार?

लहान कारण, पुनःपुन्हा घडले तर, मोठा परिणाम घडवते, हा या गणिताचा धडा आहे. जीवसंख्येच्या शास्त्राबाहेरही तो उपयोगी पडावा.

रिकाम्या जागेचे काय होते?

परिसंस्थेतून एखादी जात नाहीशी झाली की तिचे अन्न तसेच राहत नाही; दुसरे कोणीतरी ते खाते. गिधाडे गेल्यावर माळावरील शवे कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री गिधाडांप्रमाणे संथ वाढणारी नाहीत. दोन महिन्यांचा गर्भकाळ, एका वेतात चार-सहा पिल्ले, आणि ती पिल्ले वर्षभरात प्रजननक्षम. भटक्या कुत्र्यांच्या संख्येला जी अन्नाची मर्यादा होती, ती सैल झाली. धारणक्षमता वाढली आणि तिच्यापाठोपाठ संख्या वाढली. गिधाडाच्या पोटात रोगजंतू मरत. कुत्र्यांमुळे मात्र रेबीजचा धोका वाढला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशातील कुत्र्यांच्या संख्येत सुमारे ५५ लाखांची भर पडली आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले, असा अंदाज मांडला आहे.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून पुढे जातो. पूर्वी जेथे गिधाडे विपुल होती अशा जिल्ह्यांची, जेथे ती मुळातच थोडी होती अशा जिल्ह्यांशी त्यांनी तुलना केली. पहिल्या गटात मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा हिशेब आहे. न उचललेली शवे, दूषित झालेले पाणी आणि कुत्रे-उंदरांमार्फत पसरणारे रोग ही त्यामागची वाट होय.

मुंबईच्या पारशी बांधवांनाही या बदलाची झळ लागली. मलबार हिलवरील दोखम्यात पार्थिव गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची परंपरा. गिधाडेच उरली नाहीत तेव्हा तेथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. तिबेटमधील बौद्धांतही देह गिधाडांना अर्पण करण्याची प्रथा आहे. मरणोत्तर देहाचे दान हाच तेथील भाव. एका पक्ष्याच्या संख्येशी माणसाचे अन्त्यविधीही कसे जोडलेले असतात, हे यावरून दिसते.

निसर्गातील कार्य आणि माणसावर लादलेले काम

मेलेल्या जनावरांचा विषय निघाला की आपल्या विद्यालयात आणखी एक इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. गावातील मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराष्ट्रातील गावगाड्याने जन्माच्या आधारावर आपल्या पूर्वजांवर लादले होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, अशी मागणीही त्या परिषदेने केली. स्वाभिमानाकडे टाकलेले ते एक निश्चयी पाऊल होते.

परिसंस्थेचा धडा शिकताना येथे एक धोका संभवतो. “निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले असते, तसेच समाजातही असावे,” असा युक्तिवाद काही जण करतात. तो शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. गिधाड शव खाते ते त्याच्या शरीररचनेमुळे : त्याचे जठर, त्याची मान, त्याचे पंख या कामासाठी घडले आहेत. एखाद्या मानवी कुटुंबात जन्मलेल्या मुलाच्या शरीरात असे काहीही नसते. सर्व माणसे एकाच जातीची आहेत, आणि हा ‘जाती’ शब्द येथे मी जीवशास्त्राच्या अर्थाने वापरीत आहे. माणसाचे काम त्याच्या शिक्षणाने, आवडीने आणि संधीने ठरते. जन्मावरून काम ठरवणारी व्यवस्था माणसांनी रचली आणि माणसांनीच ती मोडावयाची आहे. १९३६ साली जातिनिर्मूलनाविषयी लिहिताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडला होता : जातीने कामे वाटून दिली एवढेच नाही, तिने काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडले.

म्हणून आपण दोन गोष्टी एकाच वेळी म्हणू शकतो आणि म्हटल्या पाहिजेत. मेलेली जनावरे वाहण्याच्या सक्तीतून माणूस मुक्त झाला, हे न्याय्य झाले. आणि जो पक्षी हे काम कोणाचाही अपमान न होता, विनामूल्य करीत होता तो आपल्या अज्ञानाने गमावला, हे शोचनीय झाले.

पुन्हा भर पडावी म्हणून

कारण सापडल्यावर उपाय शक्य झाला. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच सुमारास नेपाळ आणि पाकिस्ताननेही तसाच निर्णय घेतला. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध चाचण्यांतून सिद्ध झाले. माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ साली मानवी वापराची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. गिधाडांना घातक ठरणाऱ्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवापरावर २०२३ साली बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वनविभाग यांच्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथील पक्षी २०२४ साली महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा व्याघ्रप्रकल्पांत आणण्यात आले. गडचिरोलीत वनविभागाने औषधमुक्त मृत जनावरे ठेवण्याच्या जागा तयार केल्या. ज्या जिल्ह्यात महाड आहे त्या रायगड जिल्ह्यातच, म्हसळा-श्रीवर्धनच्या परिसरात, गावकऱ्यांच्या साथीने पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या वसाहती टिकून राहिल्या आहेत.

बंदीनंतर काही वर्षांनी झालेल्या पाहण्यांत घसरणीचा वेग मंदावल्याचे दिसले. हे आशादायक आहे. पण वाढीचा हिशेबही मांडून पाहावा. मघाच्या उदाहरणात पाच वर्षांत १००० गिधाडांची ५५ झाली. समजा, सर्व विष दूर झाले आणि उरलेली ५५ गिधाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढू लागली. पुन्हा १००० होण्यास किती काळ लागेल? सुमारे ६० वर्षे. जे पाच वर्षांत गेले ते परत आणण्यास साठ वर्षे! संथ वाढणाऱ्या जीवांच्या बाबतीत जतन हे पुनर्निर्मितीहून कितीतरी सोपे असते, ते या कारणाने.

विद्यार्थ्यांसाठी

हा पाठ वाचून बाजूला ठेवण्यासाठी नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा तीन गोष्टी अवश्य करा.

१. घरातील व शेजारच्या ज्येष्ठांना विचारा : गावात गिधाडे शेवटची केव्हा दिसली? कोठे बसत? किती असत? त्यांची उत्तरे तारीख घालून वहीत लिहा. अशा नोंदी केवळ आठवणीत राहिल्या तर आठवणीबरोबरच जातात.

२. गोठ्यातील जनावर आजारी पडले तर पशुवैद्यकांना औषधाचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅमसारखा निर्धोक पर्याय मागा. नुकतेच औषध दिलेले जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता पुरण्याचा आग्रह धरा.

३. विद्यालयाच्या आवारातील कोणत्याही एका पक्ष्याची, मग ती साळुंकी असो वा होला, दर रविवारी ठरावीक वेळी, ठरावीक वाटेने फिरून मोजणी करा आणि वर्षअखेर आलेख काढा. रस्त्याने फिरून केलेल्या अशाच नियमित मोजणीमुळे देशाला गिधाडांचा ऱ्हास कळला. विपुल आहे तोवरच मोजावयास हवे.

वस्सकाराला गृध्रकूटावर जे उत्तर मिळाले, ते एका गणराज्याविषयी होते. पण त्यातील विचार अधिक व्यापक आहे. समूह टिकेल की नाही, हे त्याच्या आजच्या संख्येवरून सांगता येत नाही. तो ज्या अटींवर उभा आहे त्या अटी शाबूत आहेत काय, हे पाहावे लागते. कोटींच्या संख्येने असलेली गिधाडे एका अटीच्या भंगाने पंधरा वर्षांत संपत आली. ती अट आपण मोडली होती, आणि तिचे कारण आपल्याला समजले आहे. म्हणून ती पुन्हा जोडणे हेही आपल्याच हाती आहे. तुमच्या नातवंडांना राजगृहाच्या टेकडीचे नाव समजावून सांगताना केवळ खडकाच्या आकाराकडे बोट दाखवावे लागू नये. वर आकाशाकडेही पाहता यावे.